बावन्न अंशांचा चहा

केरूभाऊ वाळुंज चहात थर्मामीटर घालतात.

तापाचा नव्हे. प्रयोगशाळेतला, काचेचा, वीतभर लांब, आत लाल रेघ असलेला. सकाळी अकराला कॅन्टीनमध्ये कप समोर आला की तो शर्टाच्या खिशातून बाहेर निघतो, स्पिरिटच्या बोळ्याने पुसला जातो आणि कपात उभा राहतो. मग केरूभाऊ हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसतात. रेघ बावन्नावर उतरली की थर्मामीटर बाहेर आणि चहा दोन घोटांत आत. त्रेपन्नला नाही आणि पन्नासला तर मुळीच नाही. मध्येच कोणी बोलण्यात गुंतवलं आणि रेघ खाली घसरली, तर तो कप मोरीत जातो आणि दुसरा येतो. एकदा पुण्याहून आलेल्या मोठ्या साहेबांनी हा प्रकार पाहिला. त्यांना वाटलं कॅन्टीनवाल्याची तपासणी चालली आहे. ते केरूभाऊंची पाठ थोपटून गेले, आणि कॅन्टीनवाला पुढे आठवडाभर केरूभाऊंना आलं घालून चहा देत होता.

कोणी गमतीने आपला कप पुढे केला तर मात्र केरूभाऊ तो हाताने मागे सारतात. "ज्याच्या त्याच्या जिबंचं ज्यानं त्यानं बगावं," म्हणतात. मी कधी कप पुढे केला नाही. माझा चहा एकतर जीभ भाजतो, नाहीतर फायलींच्या मागे राहून गार होतो, आणि दोन्ही गोष्टींची मला सवय झालेली आहे.

आमची कंपनी कान्हे स्टेशनच्या बाजूला, भातखाचरांच्या मध्ये दोन शेडमध्ये आहे. मी तिथे गुणवत्ता विभाग सांभाळते. विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि फायलींचं एक कपाट. इतर लोक काम करतात, मी ते काम कसं केलं ते लिहून ठेवते. बावीस वर्षं, तीन कंपन्या, धंदा हाच. राहायला लोणावळ्यात, तुंगार्लीला, एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत, एकटीच. पुढच्या बंगल्यात शनिवार-रविवारी पाहुणे येतात आणि रस्त्यात गाड्या आडव्या लावून मलाच विचारतात, की इथे बघण्यासारखं काय आहे. 

आम्ही काय बनवतो हे सांगायला हवं, त्याशिवाय केरूभाऊ कळणार नाहीत. सिलिकॉनच्या तळहाताएवढ्या चकत्या असतात. त्यांच्यात केसाएवढे रुंद आणि त्याहून कितीतरी खोल असे शेकडो खड्डे कोरलेले असतात. त्या प्रत्येक खड्ड्याच्या काठावर, भिंतींवर, तळाशी, सगळीकडे एकसारखा पातळ लेप चढवायचा. त्या लेपाला रेझिस्ट म्हणतात. त्याच्यावर उजेड पाडून नक्षी उठवतात, म्हणून हे सगळं पिवळ्या दिव्यांच्या खोलीत चालतं. साधी पद्धत म्हणजे चकती गरगर फिरवायची आणि वरून थेंब सोडायचा. सपाट चकतीला ते चालतं. खड्डे असले की लेप तळाशी साचतो आणि काठ उघडा राहतो. म्हणून आम्ही चकतीवर आधी तांब्याचा बारीक थर देतो, मग तिला रेझिस्टच्या टाकीत बुडवून वीज सोडतो. टाकीतलं पाणी पातळ ताकासारखं दिसतं. त्यातले रेझिस्टचे कण विजेच्या ओढीने तांब्याला जाऊन चिकटतात. जिथे थर बसला तिथे वीज पोचेनाशी होते, मग उरलेले कण उघड्या जागेकडे वळतात.

मी हे एवढं लांबण लावून सांगितलं. केरूभाऊंनी इथे आलेल्या एका कॉलेजच्या पोरांना ते असं सांगितलं होतं: "फिरकीचं मशीन म्हंजी लग्नातला वाढपी. वळकीच्या पानावर दोनदा वाढनार, कोपऱ्यातल्याला ईचारनार न्हाई. ह्यो टाकीतला वाढपी न्यायी हाय. ज्याचं पान भरलं त्याला सोडतो, उपाशी कोन हाय तिकडं जातो."

केरूभाऊ लोणावळ्याजवळच्या वलवणचे. घरची थोडी भातशेती. आमच्याकडे येण्याआधी ते पिंपरीकडे एका शेडमध्ये वीस वर्षं हॅन्डलांना क्रोमचं पाणी चढवायचे. शिक्षण सातवी. आमच्याकडे दोन एम.टेक. झालेले इंजिनिअर आहेत, एक मुलगा, एक मुलगी, दोघेही हुशार आणि सरळ. पण टाकी केरूभाऊंची. ते अठ्ठावन्नला निवृत्त झाले आणि तिसऱ्याच दिवशी वर्षाच्या करारावर परत आले, कारण मधल्या एका दिवसात सहा चकत्या बाद झाल्या होत्या.

त्यांचा पेटंट शब्द म्हणजे "कोपरा धरला का?" लेप कोपऱ्यात नीट बसला का, असा त्याचा मूळ अर्थ. पण तो त्यांनी खोलीबाहेर नेला आणि सगळ्या जगाला लावला. ऑफिसला रंग दिला तेव्हा रंगाऱ्याच्या मागे उभे राहून त्यांनी कपाटामागच्या सांदीकडे बोट दाखवलं, कोपरा धरला का? कान्हे स्टेशनबाहेरच्या गाडीवर ते वडा हातात घेऊन सगळ्या बाजूंनी फिरवून बघतात. कुठे पीठ सुटून बटाटा दिसला की वडा परत. गाडीवाला आता त्यांच्यासाठी एक वडा पिठात दोनदा बुडवून बाजूला ठेवतो. आमच्या स्टोअरकीपरच्या हळदीला तर त्यांनी कहर केला. बायकांच्या हातातली वाटी घेतली, नवरदेवाची मान वाकवली आणि कानामागे, हनुवटीखाली, बोटांच्या बेचक्यांत हळद भरली. नवरदेव पंधरा दिवसांनी कामावर आला तेव्हाही कानामागे पिवळा होता.

आणि तुम्ही "हो, धरला" म्हणालात तर ते तुमच्यावर विश्वास ठेवत नाहीत. हे विशेष. "न्हाई" म्हणणाऱ्याला ते सोडून देतात. "व्हय" म्हटलं की उठून बघायला येतात. पहिल्या वर्षी मला ह्याचा भारी राग यायचा. मी तपासून सही केलेली चकती ते पुन्हा उचलायचे, पिवळ्या दिव्याखाली तिरपी धरायचे, डोळ्याला भिंग लावायचे. बरं, त्यात त्यांना काही सापडलं नाही तरी चेहऱ्यावर समाधान नाही. माणसाने सुखाने सही करावी अशी ह्यांची इच्छाच नाही, असं मला वाटायचं.

राहिला एक नियम. चार चाळीस. बरोबर चार वाजून चाळीस मिनिटांनी केरूभाऊ निघतात, लोणावळ्याकडे जाणारी गाडी धरतात आणि साडेपाचच्या आत वलवणला घरी असतात. ओव्हरटाइम नाही, सेंडऑफ नाही, दसऱ्याचं पूजन असेल तर प्रसाद आधी. आमचे नवे प्लांट हेड पहिल्यांदा सगळ्यांशी बोलले तेव्हा ते "आपण सगळे एक कुटुंब आहोत" ह्या वाक्यापर्यंत आले होते. केरूभाऊ उठले, "येतो" म्हणाले आणि निघून गेले. साहेबांनी ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. कारण कोणालाच माहीत नव्हतं. कोणी म्हणायचं म्हशीची धार काढायची असते. कोणी म्हणायचं, बायकोचा धाक. ते स्वतः कधी काही बोलले नाहीत.

तर ह्या माणसाचं काम कागदावर उतरवायचं माझ्या नशिबी आलं.

मार्चमध्ये एका नव्या गिऱ्हाइकाचे तपासनीस यायचे होते. त्यांची अट अशी की लेपाची प्रत्येक पायरी लिहिलेली हवी आणि ती वाचून कोणालाही काम जमायला हवं. एका माणसाच्या हातावर चालणारी पद्धत त्यांना नको होती. मागणी मोठी होती. साहेबांनी मला बोलावलं आणि केरूभाऊंच्या डोक्यात जे आहे ते दोन आठवड्यांत फाइलमध्ये आलं पाहिजे, असं सांगितलं. मी बरं म्हटलं. मी नेहमीच बरं म्हणते.

लेपाचा खरा वैरी बुडबुडा. खड्ड्यात हवा अडकली की तिथे टाकीतलं पाणी शिरत नाही, लेप चढत नाही, आणि पुढच्या ॲसिडमध्ये नेमकी तीच जागा खाल्ली जाते. म्हणून टाकीत घालण्याआधी चकती कोमट पाण्यात बुडवून हवा काढून टाकायची. सगळी करामत त्या कोमट पाण्यात होती. मी चार दिवस पांढरा झगा घालून, वही घेऊन, केरूभाऊंच्या शेजारी स्टुलावर बसले.

चकती किती वेळ पाण्यात ठेवायची, असं मी विचारलं. बुडबुडा जाईपर्यंत, असं उत्तर आलं. म्हणजे किती मिनिटं? ते त्या बुडबुड्याला विचारा, म्हणाले. मी घड्याळ लावलं. पहिली चकती अठरा मिनिटं, दुसरी एकोणतीस, तिसरी तेरा. पाणी किती गरम? त्यांनी यंत्रावरचा आकडा पाहिला, मग खिशातला थर्मामीटर बुडवून पाहिला, मग मनगटाची आतली बाजू भांड्याला लावून पाहिली. तिन्ही जुळले तेव्हा मला आकडा सांगितला. एवढं विश्वासाचं यंत्र असताना हे कशाला, म्हटलं. ते म्हणाले, "यंत्र व्हयच म्हनतंय मॅडम. त्येला काय भाजतंय?"

शेवटी मी कंटाळून सरासरी काढली आणि लिहिलं: वीस मिनिटे. मला ती मिनिटं आवडली. फाइलमध्ये ती छान दिसत होती.

त्या वीस मिनिटांवर आमच्या दोन्ही इंजिनिअरांनी दुपारच्या पाळीत, केरूभाऊ घरी गेल्यावर, काम केलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. बारा चकत्यांपैकी आठ बाद. खड्ड्यांच्या तळाशी टाचणीच्या टोकाएवढी उघडी तांब्याची भोकं. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, मुलगा फाइल पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. आणि तपासनीस यायला आठवडा उरला होता.

साहेबांनी मग सरळ हिशोब केला. गिऱ्हाईक येऊन जाईपर्यंत केरूभाऊंनी दोन्ही पाळ्या करायच्या, संध्याकाळी आठपर्यंत. केरूभाऊ म्हणाले, जमणार नाही. साहेबांनी कारण विचारलं.  सकाळी पाच वाजता बोलवा, येतो, एवढंच केरूभाऊ म्हणाले. पण सकाळी पाचला बाकीचं खातं चालू नसतं. साहेब तसे वाईट नाहीत, पण तरुण आहेत आणि त्यांना कारण हवं असतं. करार मार्चअखेर संपत होता. त्यांनी पत्र टाइप करून घेतलं: दोन्ही पाळ्यांना तयार असल्याची सही द्यावी, अन्यथा कराराचे नूतनीकरण होणार नाही. पत्र तयार झालं तेव्हा चार पन्नास झाले होते. केरूभाऊ गाडीत बसलेही असतील.

"तुम्ही त्याच बाजूला राहता ना?" साहेब मला म्हणाले. मी त्या पत्राचं पाकीट पर्समध्ये टाकलं. खरं सांगायचं तर मला केरूभाऊंचा रागच आला होता. माणसाने एवढं अडून बसू नये. त्यांच्या हट्टापायी मला वलवणपर्यंत पायपीट, आणि ती वीस मिनिटं खोटी ठरली त्याचा डाग माझ्या नावावर.

मी पोचले तेव्हा सहाला थोडा वेळ होता. धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत, एका मोठ्या बंगल्याच्या कुंपणाला लागून त्यांचं पत्र्याचं घर. बंगल्यात पोहण्याच्या तलावाभोवती मंडळी गाणी लावून नाचत होती. इकडे ओटीवर एक बाई खुर्चीत बसल्या होत्या, पाय पुढे पसरून. केरूभाऊ खाली पाटावर, माझ्याकडे पाठ करून. मी हाक मारणार होते, पण थांबले.

त्यांच्यापुढे प्लास्टिकचा टब होता. टबात पाणी, आणि पाण्यात आमचा थर्मामीटर, तोच, लाल रेघेचा. ते रेघेकडे बघत होते, कॅन्टीनमध्ये बघतात तसेच. मग त्यांनी तो काढून पुसला, मनगटाची आतली बाजू टबाला लावली, आणि बाईंचा एक पाय दोन्ही हातांत उचलला. टाच खाली, बोटं वर, तिरपा धरून हळूहळू पाण्यात सोडला. मी चार दिवस स्टुलावर बसून हीच हालचाल पाहिली होती. चकतीसुद्धा ते अशीच सोडायचे, एका कडेने, तिरपी, हवा निघायला वाट ठेवून. माझ्या फाइलमध्ये ते कुठेच नव्हतं. मी लिहिलं होतं, "बुडवावी".

मी खाकरले. केरूभाऊ दचकले नाहीत, पण त्यांचे कान लाल झाले. मॅडम तुमी हितं, एवढंच म्हणाले, आणि उठले नाहीत, कारण पाय त्यांच्या हातात होता. बाईंनीच मला बसायला सांगितलं. त्या हौसाबाई, त्यांच्या घरच्या.

पाय बाहेर आला. टाचेला भेगा होत्या, चिखलात आयुष्य गेलेल्या बाईच्या असतात तशा, पण खूप खोल. आणि डाव्या पायाला शेवटची दोन बोटं नव्हती. केरूभाऊंनी पंच्याने पाय टिपला, बोटांच्या बेचक्या एकेक करून कोरड्या केल्या. मग पाय उन्हात धरला. सूर्य खाली आला होता आणि ऊन ओटीवर अगदी आडवं पडत होतं. त्या तिरप्या उन्हात प्रत्येक भेग तळापर्यंत दिसत होती. त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि एकेक भेग बघितली. मग कापसाच्या काडीने कोकमाचं तेल एकेका भेगेत भरायला लागले, आधी तळ, मग भिंती, मग काठ.

"धरला का गं?" त्यांनी विचारलं.

"धरला," हौसाबाई म्हणाल्या.

त्यांनी विश्वास ठेवला नाही. भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

मग ते चहा टाकायला आत गेले, आणि हौसाबाई माझ्याकडे वाकून हळूच बोलल्या. त्यांना साखरेचा आजार, कितीतरी वर्षांचा. पायांची जाणीव गेलेली. चार वर्षांपूर्वी आषाढात लावणी करून त्या घरी आल्या, पाय गारठून बधिर झाले होते. केरूभाऊंनी मायेने पाणी तापवलं, पाय धरून टबात सोडले आणि विचारलं, लय गरम न्हाई न्हवं? त्या म्हणाल्या, बरं हाय. केरूभाऊंचे हात प्लेटिंगच्या शेडमध्ये वीस वर्षं निबर झालेले, त्यांना काही कळलं नाही. हौसाबाईंना तर कळणारच नव्हतं. सकाळी फोड आले, महिन्याने दोन बोटं गेली.

"मला पायाचं कायबी उमगत न्हाई ताई," त्या म्हणाल्या. "त्ये रोज ईचारत्यात, मी रोज व्हय म्हनते. न्हाई म्हनलं तर जेवायचं सोडून बसत्याल. त्येंनाबी ठावं हाय मला कळत न्हाई त्ये. तरी ईचारत्यात."

मी विचारलं, हे दिवा लावून उशिरा करता येत नाही का? त्या म्हणाल्या, बॅटरीच्या उजेडात भेगेचं तोंड दिसतं, तळ दिसत नाही. एकदा तसं केलं आणि आत जखम होती ती राहून गेली. तेव्हापासून उन्हातच. पावसाळ्यात ऊन नसलं तर पार दारात बसून, दिवसाच्या उजेडात. लेक शिरूरकडे दिलेली, दुसरं बघणारं कोणी नाही. आणि बायकोचे पाय धुतो म्हणून गावात त्यांना नावं ठेवतात, म्हणून कंपनीत बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं.

"आन् त्यो च्या," हौसाबाई हसल्या. "त्या दिसापासनं सवताच्या जिबंवरबी भरवसा न्हाई त्येंचा."

चहा आला. माझं सगळं लक्ष त्या पायांकडे, मी तसाच घोट घेतला आणि जीभ चांगलीच भाजली. केरूभाऊंनी ते पाहिलं. थर्मामीटर टबाशेजारी पंच्यावर पडला होता.

पत्र द्यायलाच हवं होतं. दिलं. त्यांनी ते उन्हात धरून, ओठ हलवत, सावकाश वाचलं, घडी घातली आणि परत माझ्या हातात दिलं.

"मानूस अडेल हाय म्हनून लिवा मॅडम. पायाचं लिवू नका."

तुंगार्लीला चालत येताना मला फार थकल्यासारखं वाटत होतं, आणि लाजही वाटत होती. मी त्या माणसाकडे वही घेऊन मिनिटं मागत बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी फाइल उघडली आणि ती वीस मिनिटं खोडली. तिथे लिहिलं: "चकती एका कडेने, तिरपी धरून, सावकाश पाण्यात सोडावी. खड्ड्यांतील हवा पूर्ण गेली आहे हे तिरप्या प्रकाशात भिंगाने प्रत्यक्ष पाहावे. केवळ वेळेवर विसंबू नये." सकाळच्या पाळीत केरूभाऊंनी दोन्ही इंजिनिअरांना शेजारी उभं करून भिंगातून बघायला शिकवलं. मुलीला दुसऱ्या दिवशी जमलं, मुलाला तिसऱ्या. पण दोघांचीही तासाभरात एकच चकती व्हायची, आणि मान वर करून ते केरूभाऊंकडेच बघायचे. साहेबांचं म्हणणं होतं की शिकवणाऱ्याने संध्याकाळी आठपर्यंत थांबावं, आणि पत्र अजून मागे घेतलं नव्हतं.

मग मी जुन्या नोंदी काढल्या. बाद झालेल्या जवळजवळ सगळ्या चकत्या चार चाळीसनंतरच्या होत्या. साहजिकच आहे, तेव्हा केरूभाऊ नसतात. आकडे अगदी खरे होते. मी त्यांच्याखाली फक्त कारण वेगळं लिहिलं: "दुपारनंतर हवेतील आर्द्रतेत बदल होत असल्याने लेपाचे काम सकाळच्या पाळीतच पूर्ण करावे." लोणावळ्याच्या बाजूची आर्द्रता घड्याळ बघून वागत नाही, हे इथल्या कोणत्याही कपाटातल्या बुरशी आलेल्या चपलेला माहीत आहे. बावीस वर्षांत मी फाइलमध्ये जाणूनबुजून खोटं असं एवढंच एक वाक्य लिहिलं. 

तपासनीस आले. दोघे होते, दिल्लीकडचे, सर्दीने बेजार झालेले. त्यांनी आर्द्रतेचं वाक्य वाचून एकमेकांकडे पाहून मान डोलावली, असं बारकाईने लिहिलेलं आवडलं म्हणाले. भिंगाच्या पायरीवर मात्र अडले. किती वेळ बघायचं हे लिहिलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, हवा जाईपर्यंत. त्यांनी मुलीला एक चकती करायला सांगितली. ती भिंग लावून बावीस मिनिटं बसली. चकती स्वच्छ निघाली आणि त्यांनी सही केली. साहेबांनी फाइल वाचली, सगळं लेपाचं काम सकाळच्या पाळीत घेतलं, आणि दोन्ही पाळ्यांचं ते पत्र आपोआप निरर्थक झालं. केरूभाऊंचा करार पुढच्या वर्षापर्यंत वाढला. त्यांना कोणी काही सांगितलं नाही.

पण फाइलची एक प्रत त्यांच्या टाकीजवळ लावलेली असते. दोन दिवसांनी, अकराच्या चहाला, केरूभाऊ ते पान हातात घेऊन माझ्या टेबलासमोर येऊन बसले. असं ते कधी बसत नाहीत. माझा चहा नुकताच आला होता, वाफ येत होती.

"मॅडम, ह्ये दुपारच्या हवेचं. खरं हाय का?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चकतीकडे बघतात तसं, जरा मान तिरपी करून, बराच वेळ. मी फायलीत डोकं घातलं. मग त्यांनी पानाची घडी करून खिशात ठेवली आणि त्याच खिशातून थर्मामीटर काढला. स्पिरिटच्या बोळ्याने पुसला. स्वतःचा कप त्यांनी आणलेलाच नव्हता. माझा कप ओढून घेतला आणि त्यात तो उभा केला.

 फोन वाजला, मी उचलला नाही. आम्ही दोघं त्या लाल रेघेकडे बघत बसलो. ती एकसष्टावरून हळूहळू खाली आली, छप्पन्नाला जरा थांबल्यासारखी झाली, मग चौपन्न, मग त्रेपन्न.

"बावन्न," केरूभाऊ म्हणाले. "घ्या आता. त्या दिशी लय भाजली तुमची जीब."

तो थर्मामीटर रोज संध्याकाळी कुठे बुडतो हे मला चांगलं माहीत होतं. मी कप उचलला आणि शेवटच्या घोटापर्यंत प्याले. इतकी वर्षं झाली, माझ्या चहासाठी आजवर कोणी असं थांबून बसलं नव्हतं.